तक्रार कुणी केलीन

शुभमला वनखात्याच्या गाडीत घालून नेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मालोजीनं आपली मिनीडोर नेहमीसारखी खडकवण्याच्या पारापाशी लावली. माणसं बसली, पिशव्या आत आल्या, कुणाची तरी कोंबडी पायाशी आली, आणि गाडी पोलादपूरच्या रस्त्याला लागते न लागते तोच मागून कुणीतरी विचारलं, "पण तक्रार कुणी केलीन?"

मालोजीचा हात गिअरवर घसरला. गाडीनं असा गचका खाल्ला की मागच्या बायका एकमेकींवर आदळल्या. त्याला वाटलं, आता कळलं सगळ्यांना. पण कुणाला काही कळलं नव्हतं. उलट एक म्हातारी हळहळली, की मालूचं चित्त थाऱ्यावर नाय आज, कसं असेल, सख्खा पुतण्या आत गेलाय त्याचा.

तक्रार मालोजीनंच केली होती.

पन्नाशी ओलांडलेला हा माणूस गावात कुणाच्या अध्यात ना मध्यात. खडकवणे ते पोलादपूर फेऱ्या मारायच्या, आजारी माणूस असेल तर अवेळी गाडी काढायची, बाकी आपण बरं की आपलं काम. धाकटा भाऊ रामजी आणि तो एकाच घरात राहत. मधे भिंत घालून दोन चुली झाल्या होत्या, पण ओटी एकच राहिली होती, आणि ती भिंत घालतानासुद्धा दोघा भावांत वाकडा शब्द गेला नव्हता. मालोजीला मूल नव्हतं. रामजीचा शुभम लहानपणी भूक लागली की मालोजीच्या बायकोकडं, साळूबाईकडं यायचा, कारण तिच्या हातची कुळथाची पिठी त्याला आवडायची. आता तो तिकडं महाडच्या कारखान्यात कामाला होता, बिरवाडीला खोली घेऊन राहत होता आणि रविवारी सुट्टीला गावी येत होता.

त्या रविवारांनीच सगळं बिघडवलं. गावाखाली सावित्रीचा डोह आहे. माघ-फाल्गुनात नदी आटून खडक उघडे पडतात, पण डोहात पुरुषभर पाणी राहतं आणि वरचे सगळे मासे तिथं गोळा होतात. शुभमनं नि त्याच्या कारखान्यातल्या दोघा मित्रांनी काठावरच्या विजेच्या तारांवर आकडा टाकायला सुरुवात केली. बांबूला गुंडाळलेली तार डोहात सोडायची, की क्षणात पाणी पांढरं. मोठे मासे वेचून हायवेवरच्या धाब्यांना द्यायचे, बारके तिथंच टाकून जायचे. मालोजीनं शुभमला एकदा समजावलं, दोनदा समजावलं. खाली बायका धुणं धुतात, एखादी मरेल रे, म्हणाला. शुभम हसून म्हणाला, "आम्ही बघून टाकतो, मोठे बाबा. गरी घालून दिवसभर बसायला वेळ कुणाला हाय?" मग मालोजीनं रामजीच्या कानावर घातलं. रामजी म्हणाला, पोरं हायत, चार दिवसांनी कंटाळतील.

मालोजी रोज सकाळी डोहावर गाडी धुवायचा. पलीकडच्या करंजाच्या मुळांत पाणमांजरांचं बिऱ्हाड होतं. ती मोठी धीट जनावरं. मालोजीनं बादली आपटली तरी पळायची नाहीत, पाण्यातून माना वर काढून बघत राहायची. एकदा त्याचं फडकं पळवून नेलं होतं त्यांनी. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं त्यात काय होतं? पण एका सोमवारी तो गेला तर मोठी मादी खडकावर आडवी पडलेली, तोंड उघडं, आणि तिच्याभोवती बोटाएवढे मासे पोट वर करून तरंगत होते. दोन पिल्लं तिच्या अंगाखाली घुसायला बघत होती. मालोजी तिथं किती वेळ उभा राहिला त्यालाच कळलं नाही. त्या दिवशी गाडी धुतली गेली नाही.

पोलादपूरला स्टँडजवळच्या भिंतीवर वनखात्याचा नंबर रंगवलेला होता. मालोजीनं प्रवासी उतरवले, गाडी आडोशाला नेली आणि फोन लावला. पलीकडं निशिगंधा नावाच्या वनरक्षक बाई होत्या, आवाजावरून तरुण वाटल्या.

"नुसत्या माशांचं असतं तर तुम्हाला दुसऱ्या खात्याकडं जायला सांगितलं असतं, काका," त्या म्हणाल्या. "पण पाणमांजर मेलंय, म्हणजे ते आमचं काम. कुठं आणि कधी, एवढं सांगा. तुमचं नाव कुणाला कळणार नाही."

कोण, ते मालोजीनं सांगितलं नाही. आपल्याला ठाऊक नाही म्हणाला. पण कधी, ते सांगितलं. रविवारी सकाळी, म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, की नाव सांगितल्यासारखंच झालं हे. तरी मनाची समजूत घातली, की गणवेश बघून पोरं पळतील, धडा शिकतील, आणि संपेल.

पोरं पळाली, पण दोनच. शुभमच्या हातात बांबू होता. तो टाकून पळावं हे त्याला सुचलं नाही. वनखात्यानं नेलेल्या मादीची तपासणी झालेलीच होती, विजेच्या धक्क्यानं मेली असं निघालं. पंचनामा झाला, गुन्हा लागला, आणि जामीन होऊन शुभम घरी येईपर्यंत रामजीचा चेहरा काळवंडून गेला.

इकडं गाडीत रोज तोच प्रश्न. मालोजी पुढं बघून गाडी हाकायचा आणि मागं त्याच्या पाठीवर गावाचा तपास चालायचा. कुणी म्हणे धाब्यावाल्यांनी केलं, कुणी म्हणे पळालेल्या पोरांतल्याच एकानं. मालोजीला जेवण जाईना. फेरी नसली तरी तो गाडीजवळ जायचा, बॉनेट उघडायचा, बंद करायचा. उभ्या उभ्या चहा प्यायचा. पारावर बसला की दोन मिनिटांत उठायचा.

मग हळूहळू सगळी बोटं एकाच घराकडं वळली. धोंडूच्या.

धोंडू भाताची गिरण चालवायचा. बायको वारली होती, मुलगी लग्न होऊन सव गावाला गेली होती, आणि त्याला अर्ज करायची खोड होती. रस्ता खराब, अर्ज. पाण्याची टाकी गळते, अर्ज. सरपंचानं बांध सरकवला म्हणून तर तो महाडच्या कचेऱ्यांत इतका फिरला की शिपाई त्याला नावानं ओळखायचे. त्याची गिरण डोहाच्या वरच्या अंगाला. मग दुसरं कोण असणार? धोंडू नाही म्हणाला. मी अर्ज करतो तर खाली सही ठोकतो, चोरून करत नाय, म्हणाला. कुणी ऐकलं नाही.

गावकीचे अध्यक्ष भिकूतात्या हुशार माणूस. कुणाला वाळीत टाकलं तर आता आपणच आत जातो हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी सभा घेतली नाही, ठराव केला नाही. फक्त पारावर बसून म्हणाले, ज्याचं त्यानं ठरवावं भात कुठं भरडायचं ते. दुसऱ्या दिवसापासून धोंडूच्या गिरणीचा पट्टा थांबला. गावाचं भात पलीकडच्या वाडीतल्या गिरणीवर जाऊ लागलं, आणि ते न्यायला गाडी कुणाची, तर मालोजीची. टपावर पोती, आत पोती. इतकी भाडी त्याला एरवी वर्षात मिळत नसत. प्रत्येक पोतं चढवताना त्याला धाप लागायची, वजनानं लागत नव्हती हे त्याला कळत होतं.

एका सकाळी भिकूतात्या स्वतः पुढच्या सीटवर बसले होते. गिरणीपाशी धोंडू रस्त्यावर उभा. पायाला फडकं बांधलेलं, एका हातात काठी. त्यानं हात केला. मालोजीनं पाय ब्रेककडं नेला.

"जागा नाय आपल्याकडं," भिकूतात्या शांतपणे म्हणाले.

जागा होती. मालोजीनं गाडी थांबवली नाही. आरशात त्याला धोंडू दिसला, हात तसाच वर. मग वळण आलं. त्या दिवशी धोंडू दुखरा पाय घेऊन हायवेपर्यंत चालत गेला, तिथून ट्रकवाल्यानं त्याला दवाखान्यात सोडलं, असं संध्याकाळी गाडीतच कुणीतरी सांगितलं. सांगणारा हसत होता.

रात्रीच्या भाकरीला मालोजी बसला आणि घास हातात घेऊन तसाच राहिला. साळूबाई चुलीपुढून उठून आली.

"तुम्हीच ना?" ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. तिला कसं कळलं हे त्यानं विचारलं नाही. तीस वर्षं संसार केलेल्या बाईला हे विचारायचं नसतं. साळूबाईनं भिंतीकडं पाहिलं. भिंतीपलीकडून शुभमच्या आईचा भांड्यांचा आवाज येत होता.

"गप रावा," ती हळू आवाजात म्हणाली. "झालं ते झालं. पोराला कळलं तर तो आपल्या दारात पाय ठेवायचा नाय. मला दुसरं कोण हाय?"

"आणि धोंडू?"

"धोंडूला सवय हाय," साळूबाई म्हणाली, आणि म्हटल्यावर तिचं तिलाच बरं वाटलं नाही. ती उठली आणि उगाचच तांब्या घासायला बसली.

शिमगा आला. खडकवण्यात शिमग्याला देवाची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर येते आणि तिथून घरोघर फिरते. बारा महिने तोंड न बघणारी माणसंही त्या दिवशी एकमेकांच्या अंगणात उभी राहतात. पालखी निघायच्या आदल्या रविवारी दुपारी देवळात गावकी बसली. मुंबईहून आलेली मंडळी होती, रामजी होता. शुभम घरीच थांबला होता. धोंडूला बोलावून घेतलं होतं. भिकूतात्यांनी सांगितलं, की आमचं काही म्हणणं नाही, धोंडूनं देवापुढं नारळ ठेवून चूक कबूल करावी. नाही केली तर पालखी खांद्यावर घेणारे कुठल्या अंगणात जातील नि कुठल्या नाही, ते पोरांच्या मनावर आहे, त्यांना कोण अडवणार?

धोंडू काठीवर रेलून उभा होता. म्हणाला, "न केलेली चूक मी देवापुढं कबूल करू? मग देवाला काय सांगू?"

मालोजी खांबाला टेकून मागं बसला होता. त्याचा पाय कधीपासून हलत होता, शेजारच्यानं गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवला. तेव्हा मालोजी उठला.

"तक्रार मी केली," तो म्हणाला.

दोघेतिघे मागं वळले. मग भिकूतात्या मायेनं हसले. बस, मालू, म्हणाले, तुझं मन मोठं हाय, गावाला ठाऊक हाय ते. दुसऱ्याचं पाप अंगावर घेऊ नकोस. मालोजीनं पुन्हा सांगितलं, पोलादपूरच्या स्टँडवरून फोन केला, रविवारचं मीच सांगितलं. लोक कुजबुजले. कुणीतरी म्हणालं, धोंडूनं रडून सांगितलं असेल याला.

तेवढ्यात रामजी बोलला. सभेत तो कधी बोलत नसे.

"दादा असं करणारच नाय," तो म्हणाला. "शुभमला त्यानं खांद्यावर खेळवलाय."

मालोजीला ते ऐकून बसावंसं वाटलं. खाली बसलं असतं तर संपलं असतं सगळं. त्यानं खिशातून फोन काढला, रेंजसाठी पायरीवर गेला आणि आवाज मोठा करून निशिगंधाबाईंचा नंबर लावला.

"बाई, मी खडकवण्याचा मालोजी. डोहाची तक्रार कुणी केली ते इथं सगळ्यांना सांगा."

पलीकडून बाई म्हणाल्या, "तक्रारदाराचं नाव आम्ही कुणालाच सांगत नाही, काका."

"मीच केली ना? मलाच सांगा."

"तुम्हालासुद्धा नाही सांगता येत."

देवळात हशा पिकला. भिकूतात्यांनी मांडीवर थाप मारली. बाईंच्या तोंडून नकार आला म्हणजे मालोजी खोटं बोलतोय हे सिद्धच झालं, असं कुणीतरी म्हणालं, आणि ते सगळ्यांना पटलं. मालोजीनं फोन घट्ट धरला. घाम डोळ्यांत उतरत होता. त्यानं रामजीकडं पाहिलं आणि मग पाहणं सोडून दिलं.

"मग नवीन तक्रार लिहून घ्या," तो म्हणाला. "तारेचा अजून एक बांबू हाय. माझा भाऊ रामजी, त्याच्या गोठ्यात माळ्यावर पेंढ्याखाली. मी डोळ्यांनी पायलाय. उद्या येऊन न्या. आणि नाव माझं लिहा. लपवायचं नाय."

हशा थांबला. बाईंनी गाव, घर, नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं, मालोजीनं एकेक सांगितलं. तो सांगत असतानाच रामजी उठला, चपला न घालता पायऱ्या उतरला आणि घराकडं चालू लागला. तो बांबू हलवायला गेला असेल असं लोकांना वाटलं. पण दुसऱ्या दिवशी निशिगंधाबाई आल्या तेव्हा बांबू होता तिथंच होता. रामजीनंच शिडी लावून तो खाली काढून दिला.

बांबू नेला त्याच संध्याकाळी मालोजी धोंडूकडं गेला. धोंडू बंद गिरणीच्या दारात बसला होता. मालोजी उभा राहिला, धोंडूनं बस म्हटलं नाही.

"तुझ्यावरचं आलं ते गेलं," मालोजी कसाबसा म्हणाला.

"फोन केलास ते बरं केलंस," धोंडू म्हणाला. "मी असतो तर मीही केला असता. पण मी रस्त्यावर हात करून उभा होतो, मालू. तेव्हा तुला ठाऊक होतं."

धोंडूनं काठी घेतली आणि आत गेला. गिरण पुढच्या आठवड्यात सुरू झाली, लोक पोती घेऊन येऊ लागले, जणू मधे काही घडलंच नव्हतं. धोंडूनं कुणाचं भात परत पाठवलं नाही. मालोजीशी मात्र तो कामापुरतंच बोलायचा.

पालखी धोंडूच्या अंगणात गेली. मालोजीच्या अंगणाचं काय करायचं, हा पेच होता, कारण मालोजीची ओटी टाळायची तर रामजीचीही टाळावी लागत होती. शेवटी पालखी आली. रामजीच्या बायकोनं ओटीच्या एका टोकाला ओवाळलं, साळूबाईनं दुसऱ्या. शुभम घरातच बसून होता, बाहेर आला नाही. साळूबाईनं पिठी करून भिंतीपलीकडं पाठवली होती, ती तशीच परत आली.

गाडीत माणसं काही दिवस बसेनात. पण गावात दुसरी गाडी नव्हती, आणि सकाळची एसटी कधीच बंद झालेली. हळूहळू बसू लागली. फक्त बोलेनाशी झाली. पोरांची कुलंगडी, कुणाच्या सुनेचं माहेरी जाणं, सरपंचाचं नवं बांधकाम, जे काही पूर्वी मागच्या सीटवरून मालोजीच्या कानावर यायचं ते सगळं थांबलं. पोलादपूरला उतरल्यावर माणसं मोकळा श्वास घेऊन बोलायला लागायची. मालोजीनं गाडीत रेडिओ बसवला, पण तोही त्याला ऐकवेना.

भातकापणी सुरू झाली तेव्हा महाडच्या कोर्टाची तारीख लागली. मालोजीला साक्षीचं समन्स आलं होतं. त्या दिवशी फेरी बंद ठेवून तो पहाटेच निघाला. पारापाशी रामजी उभा होता, स्वच्छ सदरा, हातात पिशवी. शुभम बिरवाडीहून थेट कोर्टात येणार होता. मालोजीनं गाडी थांबवली. रामजी थोडा वेळ रस्त्याकडं बघत राहिला, दुसरं काही येणार नव्हतं हे त्याला ठाऊक होतं, मग मागच्या सीटवर चढला.

पोलादपूर गेलं, हायवे लागला. कशेडीकडून उतरलेल्या ट्रकांची रांग समोर होती. मालोजी एकामागून एक ट्रक ओलांडत होता, मधेच उगाच हॉर्न वाजवत होता. महाड जवळ आलं तेव्हा रामजीनं मागून विचारलं, "काय सांगणार हायस?"

"पायलं ते."

"तो तुझाच हाय, दादा."

"म्हणूनच तर झोप येत नाय रे," मालोजी म्हणाला.

कोर्टाच्या आवारात शुभम आंब्याखाली उभा होता. वाळला होता. बाप आणि मोठे बाबा एकाच गाडीतून उतरताना बघून तो गडबडला, पुढं यावं की नाही ते त्याला कळेना. रामजी त्याच्याजवळ गेला. मालोजी गाडीपाशीच थांबला. दुपारपर्यंत ते तिघं दोन सावल्यांत बसून राहिले, आणि मग शिपायानं बाहेर येऊन सांगितलं, की आज साहेब नाहीत, पुढची तारीख घ्या.

शुभम बिरवाडीला परत निघाला. जाताना मालोजीच्या समोरून जावं लागलं. तो थबकला, खाली बघत म्हणाला, "मोठे बाबा, ती पिल्लं जगली का?"

मालोजीनं त्याच्याकडं पाहिलं. एक जगलं असावं, म्हणाला, कधीकधी दिसतं. नक्की नाही सांगता येत. शुभमनं मान हलवली आणि गर्दीत निघून गेला.

रामजी पिशवी सावरत गाडीपाशी आला. मागचं दार त्यानं धरलं, मग सोडलं, आणि पुढं येऊन भावाच्या शेजारी बसला. पुढच्या तारखेला किती वाजता निघायचं, एवढंच विचारलं त्यानं. मालोजीनं सांगितलं, आणि गाडी चालू केली.